एका डब्यात एक

आमच्या आत्याला माणसं कमी आणि बेडूक जास्त कळायचे. माणसं कळत नव्हती म्हणूनच तिच्यावर आळ आला आणि तिचं काम गेलं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाची बाजू घेते याबद्दल शंका नको. मी आत्याची बाजू घेते. ज्यांना दुसरी बाजू ऐकायची असेल त्यांनी जावयाकडे जावं. तो अजूनही दुकानात बसतो, फक्त आता हळू आवाजात बोलतो.

जावई म्हणजे आमचा नव्हे. आत्या ज्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात कामाला होती, त्या दुकानाच्या मालकाचा जावई. मालक भला माणूस होता, पण भलेपणा करायचा तर कुणाला तरी दुखवावं लागतं, हे त्याला झेपायचं नाही. अठरा वर्षं आत्या त्याच्याकडे राबली. पुढच्या बाजूला पक्ष्यांचे पिंजरे आणि माशांच्या टाक्या, मध्ये दाण्यांच्या गोण्या, आणि अगदी मागे गल्लीत खिडकी उघडणारी एक अरुंद खोली. ती खोली आत्याची. तिथे तीन फळ्यांवर आइस्क्रीमचे, लोण्याचे, गोळ्यांचे रिकामे डबे ओळीने मांडलेले असायचे आणि प्रत्येक डब्यात बेडकाचं एक पिल्लू.

हे डबे म्हणजे पिल्लांची तात्पुरती घरं. शेपटी गळून पाय फुटले की पिल्लू नखाएवढं असतं. त्याला थेट मोठ्या काचेच्या टाकीत सोडलं तर ते पाल्याखाली दडून बसतं, त्याला खाणं सापडत नाही, आणि आपल्याला ते सापडत नाही. म्हणून मुठीएवढं होईपर्यंत त्याने डब्यात राहायचं. आत्या झाकणाला भोकं पाडायची ती आतून बाहेर, तापलेल्या दाभणाने, म्हणजे प्लास्टिकची खरखरीत कड बाहेर राहते आणि पिल्लाचं नाक सोलत नाही. तळाला ओल्या कागदाच्या चार घड्या. डब्याच्या एका बाजूखाली बाटलीचं बूच, म्हणजे डबा जरासा कलतो, पाणी एका कोपऱ्यात जमतं आणि पिल्लाला ओलं की कोरडं हे स्वतः ठरवता येतं. नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवून मगच वापरायचं. डबे रोज धुवायचे, पण साबणाचा थेंबही लावायचा नाही. हे सगळं मला इतकं पाठ आहे, कारण आमच्या घरी जेवताना दुसरा विषयच नसायचा. आत्या स्वतःला घरमालकीण म्हणवून घ्यायची आणि पिल्लांना भाडेकरू. सात नंबरच्या भाडेकरूने काल जेवण टाकलं, बारा नंबरवाल्याचं पोट साफ झालं नाही, असं ती पहिल्या घासाबरोबर सुरू करायची. आई ताट उचलून स्वयंपाकघरात जाऊन जेवायची.

आत्याची खासियत शिंगवाले बेडूक. डोळ्यांवरची कातडी वर आलेली असते म्हणून शिंगवाले. बाकी ते म्हणजे चार पाय फुटलेलं तोंड. अर्धवट चिखलात बसून राहायचं आणि समोर जे हलेल ते गिळायचं, एवढंच त्यांना येतं. गांडूळ हललं तर गांडूळ, बोट हललं तर बोट, सख्खा भाऊ हलला तर सख्खा भाऊ. भूक लागली म्हणून नव्हे, हललं म्हणून. पोट तुडुंब असलं तरी तोंड उघडतंच. त्यामुळे आत्याचा नियम एकच होता, एका डब्यात एक. तिने तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मागच्या खोलीच्या दाराला चिकटवला होता.

जावई आला तेव्हा त्याने आधी तो कागद काढला. दुकानाला नवं रूप द्यायचं त्याच्या मनात होतं. पुढे दिवे, मोठी काच, आणि दारातून आत येताच नजरेत भरेल अशी सहा फुटी टाकी, हिरवा पाला, छोटासा धबधबा. मागच्या डब्यांना तो भंगार म्हणाला. आत्याने त्याला दोनदा सांगितलं की ही पिल्लं एकत्र राहत नाहीत. त्याने मान डोलावली. ज्याला ऐकायचं नसतं तो अशीच मान डोलावतो. दुसऱ्या दिवशी आत्या दाढ काढायला गेली होती. त्या दुपारी त्याने सत्तावीस डबे उघडून सत्तावीस पिल्लं टाकीत सोडली आणि डबे गल्लीत फेकले.

सकाळी टाकीत नऊ उरली होती. नऊच्या नऊ टम्म फुगलेली. एकाच्या तोंडातून दुसऱ्याचा पाय लोंबत होता.

नव्या टाकीचं कौतुक बघायला गिऱ्हाइकं जमली होती, जनावरांचे डॉक्टर आले होते. जावयाला काहीतरी बोलणं भाग होतं. गालाला सूज असलेली आत्या दारात आली, आणि तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ही बाई पिल्लांना खायलाच घालत नव्हती. उपाशी होती, म्हणून एकमेकांना खाल्लं त्यांनी. अठरा वर्षं आमच्या प्राण्यांच्या तोंडचा घास ही घरी नेत होती."

गांडुळं घरी नेऊन आम्ही काय करणार होतो ते देवाला ठाऊक. पण हसलं कुणी नाही. डॉक्टरांनी टाकीत डोकावून, अशी वेळ उपासमारीतच येते, असं पुटपुटून मान हलवली. मालक गल्ल्यामागे उभा होता. त्याला सगळं माहीत होतं, तो कागद त्याने रोज वाचला होता. त्याने ब्र काढला नाही. आत्याच्या तोंडात दाढेच्या जागी कापूस होता, त्यामुळे तिलाही धड बोलता आलं नाही. तिने पिशवी उचलली आणि घरी आली.

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जाऊन भांडते म्हटलं तर आत्याने मला हात धरून बसवलं. ती भांडखोर नव्हतीच. दोन दिवसांनी मालक आमच्या मागच्या दाराशी आला, एका खोक्यात शिंगवाल्यांची मोठी नर-मादीची जोडी ठेवून खाली मान घालून गेला. त्याच्या मते ती भरपाई असावी.

शहरात अशी दुकानं सहा. जावयाने सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. आत्या एकेका दुकानात जाऊन आली, आणि सगळीकडे तिला एकच प्रश्न विचारला गेला: ते उपाशी मेलेले बेडूक तुमचेच ना? शेवटी ती लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या करायला लागली. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तरी तोच प्रश्न. भाजी घेताना तोच. आईच्या मावसबहिणीनेसुद्धा घरी आल्यावर विचारलं, आणि आत्याच्या बेडकांना आयुष्यभर नाक मुरडणाऱ्या माझ्या आईने तिला चहा न देता वाटेला लावलं.

आत्याला पैशाचं, कामाचं फारसं दुःख नव्हतं. नोकरी गेली तर गेली. तिला एकच हवं होतं. जिथे तो शब्द तिला चिकटला, त्याच माणसांसमोर तो सुटायला हवा होता. तिने एकाही पिल्लाला उपाशी ठेवलं नव्हतं, एवढं कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. हे ती मला इतक्या वेळा म्हणाली की पुढे पुढे ती पहिला शब्द बोलायच्या आत मी मान डोलवायची.

तीन वर्षं गेली. त्या शांत बाईच्या मनात काय शिजत होतं ते मला कळत होतं, आणि मी खाली विस्तव घालत होते. जावयाच्या दुकानात कोण गेलं, तो काय म्हणाला, सगळं मी तिला आणून सांगायची. तो आता बेडूक ठेवत नसे, पक्षी आणि मासेच विकायचा. पण गोष्ट मात्र सांगायचा. पाळीव प्राण्याचं पोट भरलेलं ठेवा, नाहीतर ते एकमेकांना खातात, आमच्याकडे एक बाई होती, अशी त्याची सुरुवात असायची. तीन वर्षं तीच थाप मारता मारता तो स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवायला लागला होता. बेडूक उपाशी असेल तरच भावाला खातो, हे त्याला आता खरंच वाटत होतं. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा तिने हातातली चादर खाली ठेवली आणि मला पुन्हा सांगायला लावलं.

त्या वर्षी आत्याने मालकाने दिलेल्या जोडीला पहिल्यांदा अंडी घालायला लावली. दोन महिने त्यांना कोरडं, गार ठेवलं आणि मग आठवडाभर रोज झारीने अंगावर पाणी सोडलं. अंड्यांतून बेडूकमासे निघाले, त्यातले बरेच एकमेकांनी संपवले, उरलेल्यांना पाय फुटले. आमच्या माडीवर पुन्हा डबे मांडले गेले. या वेळी चाळीस. आईने डोक्याला हात लावला, पण आइस्क्रीमचे डबे शेजारणीकडून मागून आणले तिनेच.

पिल्लं लिंबाएवढी झाली तेव्हा अळीवाला आला. तो सहाही दुकानांना अळ्या, गांडुळं, किडे पुरवतो. आत्याशी त्याची जुनी ओळख, आणि तिच्यावरचा आळ खोटा आहे हे मानणारा त्या धंद्यातला तो एकटाच. त्याने बातमी आणली. सगळ्या दुकानांचं मिळून मोठ्या सभागृहात प्रदर्शन होतं, जावई त्याचा पुढारी होता. मधोमध त्याची सहा फुटी टाकी ठेवायची होती आणि तिच्यात त्याला शिंगवाले बेडूक हवे होते, लोकांच्या डोळ्यांचं पारणं फिटेल असे. ते कुणाकडेच नव्हते. अळीवाल्याने आपल्या ओळखीत आहेत एवढंच सांगितलं होतं, नाव सांगितलं नव्हतं, कारण नाव सांगून उपयोग नव्हता. जावयाने निरोप धाडला होता. अळीवाल्याने तो जसाच्या तसा सांगितला.

"पिल्लं पोटभर खाऊन येतील ना, ते विचार. मग सगळी एकत्र सोडतो म्हणाला."

मी आत्याकडे पाहिलं. ती दहा नंबरचा डबा पुसत होती. पुसून तिने तो जागेवर ठेवला, खालचं बूच सारखं केलं. तिला एक वाक्य बोलायचं होतं, अठरा वर्षं ती जे बोलत आली तेच. मला भीती वाटली की ती बोलेल. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मी म्हणत होते, नको बोलूस.

"सांग त्याला," आत्या म्हणाली, "पोटभर खाऊन येतील."

ते खोटं नव्हतं. मी अजूनही कुणाशीही वाद घालायला तयार आहे की ते खोटं नव्हतं. आणि तिने चाळीस पिल्लं पाठवली ती चाळीस डब्यांत. ज्याला डोळे आहेत त्याने विचारावं की एका खोक्यात मावणारी पिल्लं चाळीस डब्यांत कशाला. जावयाला ते डबे ओळखूही आले नाहीत, कारण अठरा वर्षांचे डबे फेकताना त्याने एकही नीट पाहिला नव्हता. हे भंगार माघारी घेऊन जा, एवढंच तो अळीवाल्याला म्हणाला.

प्रदर्शनाच्या दिवशी, पिल्लं न्यायच्या आधी, आत्या पहाटेच उठली होती. गांडुळांचे तुकडे करून चिमट्याने एकेका पिल्लाला भरवत बसली. एकाचं झालं की दुसरं. पोट गच्च झालं तरी अजून एक तुकडा समोर हलवायची आणि ते घ्यायचं. मी डबे पुढे करत होते. मला तर एखाद्या समारंभाला निघाल्यासारखा आनंद झाला होता, लपवत नाही.

अळीवाल्याने रिकामे डबे आम्हाला परत आणून दिले. आत्याने ते धुतले, ओले कागद घातले, दोन मोठ्या पिशव्यांत भरले आणि ठेवणीतले कपडे घालून माझ्याबरोबर सभागृहात आली. आम्ही मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलो.

दहा वाजता दिवे लागले. टाकी खरंच देखणी होती. पोरं काचेला नाक लावून उभी होती. जनावरांचे डॉक्टर पाहुणे म्हणून पुढच्या खुर्चीत, शेजारी म्हातारा मालक. जावई माइक घेऊन प्राण्यांवर प्रेम कसं करावं हे सांगत होता. पिल्लं आधी गप्प बसली होती. मग दिव्याच्या उबेने एकाने पाय जरासा हलवला. शेजारच्याने तोंड उघडलं. ते हललं म्हणून तिसऱ्याने उघडलं. भाषण अर्धंही झालं नव्हतं.

एक लहान मुलगी वळून आपल्या आईला म्हणाली, "त्याच्या तोंडातून पाय आलाय."

मग सगळे टाकीकडे धावले. कुणी पोरांना मागे ओढत होतं, कुणी फोनवर चित्रण करत होतं. जावयाचा चेहरा पांढरा पडला. पण त्याच्याकडे एक वाक्य तयार होतं, तीन वर्षं घासून गुळगुळीत केलेलं. त्याने तेच माइकवरून सांगितलं, की पाठवणाऱ्याने पिल्लं उपाशी पाठवली, हा उपासमारीचा परिणाम आहे. मी आत्याचा दंड घट्ट धरला. ती हलली नाही.

डॉक्टरांनी बाही वर केली आणि त्यातलं सगळ्यात फुगलेलं पिल्लू बाहेर काढलं. घाबरलेला बेडूक पोटातलं ओकून टाकतो, हे आत्याला माहीत होतं, मला नव्हतं. त्या पिल्लाने आ वासला आणि डॉक्टरांच्या रुमालावर आधी त्याचा भाऊ आला, मग त्याच्या मागोमाग गांडुळांचे तुकडे आले, सकाळचे, न पचलेले, एकामागून एक. डॉक्टरांनी बोटाने ते तुकडे वेगळे केले. मग त्यांनी रुमाल जावयासमोर धरला.

"हा उपाशी नव्हता," ते म्हणाले. "याच्या पोटात जागाच नव्हती. मग तीन वर्षांपूर्वीचे तरी उपाशी होते कशावरून?"

माइक चालूच होता, त्यामुळे हे सगळ्या सभागृहाने ऐकलं. आणि मग म्हातारा मालक खुर्चीचा हात धरून उठला.

"नव्हते," तो म्हणाला. "तिने लिहून ठेवलं होतं दारावर. मी रोज वाचत होतो. मी बोललो नाही."

जो शब्द सुटायला हवा होता तो सुटला. त्याच माणसांसमोर, मोठ्याने. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. जावयाच्या कपाळावरचा घाम, त्याची खाली गेलेली मान, एकेक दुकानदार त्याच्यापासून पाऊलभर मागे सरकला ते, सगळं मी डोळे भरून पाहून घेतलं. अजूनही कधी उदास वाटलं तर मी ते आठवते.

आत्याने मात्र त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती पिशव्या घेऊन गर्दीतून पुढे गेली, टाकीजवळ गुडघे टेकून बसली आणि उरलेली पिल्लं एकेक करून डब्यांत भरायला लागली. लोकांनी तिला ओळखलं. बघा, तयारीने आली होती, जीव वाचवायला डबे घेऊन आली होती, असं कौतुकाने बोलणं सुरू झालं. तयारीने म्हणजे काय ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तेवीस डबे भरले. सतरा रिकामे राहिले. ते ती पुन्हा पुन्हा मोजत होती. मला वाटलं, आनंदाने.

त्या आठवड्यात तीन दुकानांतून तिला बोलावणी आली. भाजीवालीने मुद्दाम हाक मारून, तुमच्यावर फार अन्याय झाला हो, असं सांगितलं. मालक पुढच्या दाराने आला. जावयाला त्याने पक्ष्यांकडे लावलं होतं, मागची खोली पुन्हा तिची, तिच्या शब्दाबाहेर कुणी जाणार नाही, असं म्हणाला. आत्याने त्याला पाणी दिलं आणि नाही म्हणून सांगितलं. तेवीस पिल्लं तिने अळीवाल्याला देऊन टाकली, प्रत्येक डब्यावर सूचना लिहून. जोडीही देऊन टाकली. माडीवरच्या फळ्या रिकाम्या झाल्या आणि आई कारण नसताना त्या पुसायला लागली.

मला राग आला. एवढं सगळं केलं, डाव साधला, आणि आता हे काय? एका संध्याकाळी ती लॉन्ड्रीतून आली तेव्हा मी तिला स्पष्टच विचारलं. म्हटलं, "तू जिंकलीस आत्या. जा ना कामावर. आता कोण काय बोलणार आहे तुला?"

ती पायरीवर बसली होती, चपला काढत.

"सकाळी त्यांनी माझ्या हातून खाल्लं गं," ती म्हणाली. "चाळीसच्या चाळीस जणांनी."

मी म्हटलं की ते जावयाने मारले, तू नाही. तिने मान हलवली. ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती. ती दमलेली होती.

"तेव्हा मी एकही मारला नव्हता, तर तीन वर्षं अख्खं शहर मला विचारत होतं," आत्या म्हणाली. "आता मारले, तर कुणी विचारणारसुद्धा नाही."